गाळाचा गतिप्रारंभ

नदीच्या तळावर स्थिर असलेले वाळूचे व खड्यांचे कण क्षुब्ध (भोवरेयुक्त) प्रवाहामुळे हलू लागतात, ती अवस्था. पाण्यातील वजन कणाला जागी धरून ठेवते, तर प्रवाहाची ओढ व उचल त्याला शेजारच्या कणावरून उलटवू पाहते.

तळावरील कर्तन प्रतिबलाला (प्रवाह तळाच्या एकक क्षेत्रफळावर लावत असलेल्या, तळाला समांतर प्रेरणेला) कण व पाणी यांच्या घनतांतील फरक, गुरुत्व प्रवेग व कणव्यास यांच्या गुणाकाराने भागले की शील्ड्झ अंक मिळतो. ए. एफ. शील्ड्झ यांनी तो १९३६ मध्ये बर्लिन येथील प्रबंधात मांडला. हा अंक किती झाला की कण हलू लागतो हे दाखवणारी पाठ्यपुस्तकांतील परिचित वक्ररेषा मात्र त्यांची नव्हे. त्यांनी रुंद पट्टा दाखवला होता. एकच रेषा हंटर राउझ यांनी १९३९ मध्ये काढली. पट्टाच वस्तुस्थितीला अधिक धरून आहे. ‘कण हलला’ म्हणजे किती कण आणि किती वेळात, यावर उत्तर बदलते. क्रामर यांनी १९३५ मध्येच हालचालीचे क्षीण, मध्यम व सार्वत्रिक असे टप्पे केले होते. खडबडीत तळावर कण हलू लागण्यासाठीचे शील्ड्झ यांचे मूल्य ०.०६ च्या आसपास येते, नंतरची बरीच मापने ०.०३ ते ०.०६ दरम्यान आहेत. काठाचे वा तळाचे दगडी अस्तर हलूच नये अशी अपेक्षा असल्यास खालचे मूल्य घेणे इष्ट.

उदा., १ मी. खोली व १०,००० त १ उतार असल्यास प्रतिबल सु. १ न्यूटन/चौ. मी. होते. १ मिमी. वाळूला सु. ०.५ पुरते, २० मिमी. खड्यांना, अंक ०.०४५ धरल्यास, सु. १५ लागते.

हे प्रतिबल सरासरी असते, कण हलतो तो क्षणिक झोताने. स्टॅनफर्ड विद्यापीठातील (अमेरिका) १९६७ च्या प्रयोगांत तळालगतचे मंद पाणी अधूनमधून वर उसळताना दिसले. त्याच्या जागी वरचे वेगवान पाणी तळाकडे झेपावते. ही झेप मुख्यतः तळावरून घरंगळणारे कण हलवते. उसळीने बारीक वाळू पाण्यात तरंगत जाते. वेगवान पाणी वर जाते तेव्हाही कण हलतात, पण सरासरी प्रतिबलात त्या घटनेचा वाटा ऋण पडतो. त्यामुळे वाळूच्या उंचवट्यामागे प्रवाह तळापासून सुटून पुन्हा टेकतो तेथे केवळ सरासरीवरून केलेला अंदाज कमी पडतो. झोताचा जोर मोठा पण क्षणार्धाचा असल्यास कण खोबणीतच डुलतो. म्हणून जोर व कालावधी यांचा गुणाकार, म्हणजे आवेग, हा २००८ मध्ये मांडलेला निकष अधिक पटणारा आहे.

मिश्र आकारांच्या तळात बारीक कण मोठ्यांच्या आडोशाला राहतात, तर वर डोकावणारे मोठे कण अपेक्षेपेक्षा लवकर हलतात. चिकणमातीत कण एकमेकांना चिकटून राहत असल्यामुळे हा अंक लागू पडत नाही.