मिठाला पाणी सुटत नाही

‘विजेशिवाय, फुकट, नुसत्या उन्हावर चालणारा एसी’ असा व्हिडिओ या उन्हाळ्यात मला चार जणांनी पाठवला. कोणी म्हणालं प्राचीन ज्ञान, कोणी म्हणालं शुद्ध थाप. दोघंही चुकले. १८७८ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ओगुस्तँ मूशो या गणिताच्या शिक्षकाने शंकूच्या आकाराच्या प्रचंड आरशाने ऊन एकवटलं आणि बर्फ करून दाखवला. बर्फाचं यंत्र फर्दिनां कारे यांचं, अमोनिया आणि पाण्यावर चालणारं.

तापवून थंडी कशी मिळते? पावसाळ्यातली मिठाची बरणी बघा. खडेमीठ ओलं होतं, तळाशी खारं पाणी साचतं. आपण म्हणतो, मिठाला पाणी सुटलं. सुटलेलं काहीच नसतं. मिठाने हवेतली वाफ ओढून घेतलेली असते. लिथियम ब्रोमाइड हा मिठाचाच भाऊबंद, पण त्याची पाण्याची ओढ कितीतरी जबर.

आता एका बंद टाकीतली हवा काढून टाका. आत एकीकडे पाणी, दुसरीकडे लिथियम ब्रोमाइडचा दाट द्रव. लेहला हवेचा दाब कमी, म्हणून तिथे पाणी शंभर अंशांच्या आधीच उकळतं. टाकीतला दाब तर वातावरणाच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी, त्यामुळे पाणी चक्क ५ अंशांना उकळतं! उकळायला लागणारी उष्णता ते टाकीतून जाणाऱ्या नळ्यांमधल्या पाण्यातून खेचतं आणि नळ्यांमधलं पाणी गार होतं. तेच खोल्यांमधून फिरवायचं. एक टनाच्या एसीइतक्या थंडाव्यासाठी तासाला साधारण पाच लिटर पाणी असं उकळावं लागतं. झालेली वाफ तिथेच राहिली तर दाब चढेल आणि उकळणं थांबेल. ती वाफ मीठ पिऊन टाकतं. घरच्या फ्रिजमध्ये हे ओढायचं काम कॉम्प्रेसर वीज खाऊन करतो.

पाणी पिऊन द्रव पातळ झाला की त्याची ओढ मंदावते. मग तो तापवून पाणी उडवायचं, की पुन्हा तहानलेला. ऊन लागतं ते इथे, फक्त इथे. उडालेली वाफ निववून तिचं पाणी करायचं आणि पुन्हा टाकीत सोडायचं.

साध्या यंत्राला ८०-९० अंश पुरतात, पण एक भाग उष्णतेमागे थंडावा मिळतो जेमतेम ०.७ भाग. आरशांनी १५०-१८० अंश गाठले, तर द्रव तापवायच्या पहिल्या पातेल्यातून निघालेल्या वाफेवर दुसरं पातेलं तापतं. उष्णता एकदाच, काम दोनदा, थंडावा १.२ भागांपर्यंत जातो. पुण्याची थरमॅक्स कंपनी अशी यंत्रं बनवते. गुजरातेत गोरजच्या मुनी सेवा आश्रमाने रुग्णालयाच्या एसीसाठी शेफलर तबकड्या, म्हणजे ऊन एकवटणारे आरसे, बसवल्या आहेत.

‘फुकट’ मात्र म्हणू नका. पंपांना थोडी वीज लागतेच. ढग आले की आरसे निकामी. शिवाय खोलीतली उष्णता आणि उन्हाची उष्णता, दोन्ही बहुतेक ठिकाणी कूलिंग टॉवरमधून पाणी उडवून बाहेर टाकावी लागते. एप्रिलमध्ये मराठवाड्यात ते पाणी आणायचं कुठून?

लातूरच्या महानंद दूध प्रकल्पात ‘अरुण’ या आरशांच्या तबकडीच्या उष्णतेवर दूध तापवलं गेलं आहे. तापलेलं दूध लगेच ४ अंशांपर्यंत उतरवावं लागतं. तेही उन्हावरच व्हावं, असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी टाकी ४ अंशांहूनही गार, शून्याजवळ न्यावी लागेल, आणि तिथे उकळायला पाणी चालणार नाही, ते शून्याला गोठतं. पाण्याच्या जागी मूशोसारखा अमोनियाच हवा.