बुडबुड्याच्या पोटाखाली

उकळत्या पाण्यातले बुडबुडे कशाचे असतात, असं विचारलं की बरेच जण 'हवेचे' म्हणून मोकळे होतात. पाणी तापू लागताना भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटणारे बारीक बुडबुडे हवेचे असतात, हे खरं. पण खळखळून उकळी फुटल्यावर वर येते ती वाफ, म्हणजे पाणीच. 'दोनदा उकळलेलं पाणी मृत होतं' ही समजूत म्हणूनच निराधार आहे. उकळण्याने पाण्याचा रेणू बदलत नाही.

हा बुडबुडा सहजासहजी जन्मत नाही. पृष्ठताण, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागाची आकसून घेण्याची ओढ, त्याला आवळत असतो आणि बुडबुडा जितका लहान, तितकी ही आवळ जास्त. 1 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येचा बुडबुडा तगायचा, तर भोवतालचं पाणी साधारण 120 अंश सेल्सियसपर्यंत तापलेलं हवं! म्हणून तो तळावरच्या सूक्ष्म चऱ्यांत अडकून राहिलेल्या हवेचा किंवा वाफेचा आधार घेतो. नीट पाहा, एकाच ठिपक्यातून बुडबुड्यांची माळ सुटत राहते.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते त्याच्या पोटाखाली घडतं. बुडबुडा इतक्या झपाट्याने फुगतो की खालचं सगळं पाणी बाजूला सरू शकत नाही. काही मायक्रॉन जाडीचा पापुद्रा तळाला चिकटून राहतो. एवढ्या पातळ थरातून उष्णता चटकन पार होते आणि पापुद्रा वाफ होऊन बुडबुड्यात शिरतो. 1 किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे 2257 किलोज्यूल उष्णता लागते. पापुद्रा ती तळातूनच ओढून घेतो. मूर आणि मेस्लर या संशोधकांनी 1961 मध्ये उकळत्या पाण्याखालच्या पृष्ठभागाचं तापमान टिपलं, तेव्हा ते काही मिलिसेकंदांत दहा अंशांहून जास्त घसरताना दिसलं. खालून उष्णता मिळत असूनही धातू त्या जागी क्षणभर निवतो!

मग बुडबुडा सुटतो, जाताना तळालगतचा अतितप्त, म्हणजे उत्कलनबिंदूपेक्षाही जास्त तापलेला, थर ओढून नेतो आणि मोकळ्या जागेत तुलनेने थंड पाणी धावतं. त्या नव्या पाण्याचा थर तापला की पुढचा बुडबुडा.

आच वाढवत नेली तर बुडबुडे एकमेकांत मिसळतात आणि पाण्याला तळापर्यंत पोचू देत नाहीत. म्हणजे बुडबुड्यांमार्फत तळातून पाण्यात जाणाऱ्या उष्णतेला मर्यादा असते. साध्या वातावरणीय दाबाला ही मर्यादा दर चौरस मीटरला सुमारे 10 लाख वॅट आहे. जपानच्या शिरो नुकियामा यांनी 1934 मध्ये पाण्यात बुडवलेली तार विजेने तापवून हे अभ्यासलं. मर्यादा ओलांडताच तारेभोवती वाफेचं आवरण तयार झालं, तापमान एकदम उसळलं आणि निक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार पाण्यातच वितळली. मग त्यांनी प्लॅटिनमची तार घेतली. ती टिकली.