काठी पडते तेव्हा मूल कुठं बघतं?

सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जानेवारीत होते, पण आमच्या गल्लीत ती फेब्रुवारीपर्यंत चालू असते. मिरवणुकीत माणसं पेलून नेतात ते सात उंच, जड नंदीध्वज पोरांच्या खेळात सात काठ्या होतात. त्या कुठून येतात हे पोरांना विचारायचं नाही. यंदा आमच्या घरातून मच्छरदाणीचा एक दांडा गेला. टोकाला रंगीत रुमाल, कमरेला बाबांचा पट्टा आणि 'हर्र बोला हर्र'चा गजर करत मिरवणूक कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाऊन परत येते.

माझा पाच वर्षांचा मुलगा यंदा पहिल्यांदाच त्यात होता. कमरेला काठी लावून चालणं त्याला दोन दिवसांत पुळचट वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्यानं काठी तळहातावर उभी केली आणि दुसरा हात सोडला. काठी अर्थातच पडली. आणि त्यानं काठीकडं बघितलं नाही. दारात उभ्या असलेल्या माझ्याकडं बघितलं.

ती नजर क्षणभराचीच असते, पण तिच्यावर फार सुंदर प्रयोग झालेले आहेत. १९८५ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ जोसेफ कॅम्पोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षभराच्या बाळांना एका काचेच्या टेबलावर सोडलं. निम्म्या टेबलाखाली काचेला चिकटूनच चौकटीचं कापड, पुढच्या निम्म्यात तेच कापड सुमारे ३० सेंटिमीटर खाली. म्हणजे पुढं खड्डा आहे असं वाटावं, पण तो फार खोल वाटू नये. पलीकडच्या टोकाला आई. आईला एवढंच सांगितलं होतं की तोंडानं काही बोलायचं नाही, फक्त चेहरा ठरल्याप्रमाणे ठेवायचा. आनंदी चेहरा दिसला त्या १९ बाळांपैकी १४ रांगत पलीकडं गेली. घाबरलेला चेहरा दिसला त्या १७ पैकी एकही गेलं नाही.

या प्रयोगातला मला जास्त आवडणारा भाग मात्र वेगळाच. काही बाळांसाठी खड्डा दिसणारच नाही असं टेबल ठेवलं, तेव्हा त्यातल्या बहुतेकांनी आईकडं बघण्याची तसदीच घेतली नाही. मूल आपल्याकडं बघतं ते आपल्याला वाटतं तितकं सतत नाही. जिथं त्याला स्वतःला ठरवता येत नाही तिथं बघतं. दारातून 'सांभाळून रे' म्हणत दिवसभर ओरडणाऱ्यांनी, म्हणजे मीच, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मला वाटलं होतं, काठी लहान तर कामही लहान. गणित उलटं निघालं. उभी काठी कलायला लागली की तो कल झपाट्यानं वाढतो, आणि किती झपाट्यानं ते लांबीच्या वर्गमुळावर ठरतं. काठी नऊ पट लांब असेल तर ती तीन पट सावकाश कलंडते. मीटरभराच्या काठीचा कल पाव सेकंदात साधारण अडीच पट होतो. आता, डोळ्यांना दिसल्यावर हात हलायला मोठ्या माणसालाही जवळपास पाव सेकंद लागतो, पाच वर्षांच्या मुलाला त्याहून बराच जास्त. नंदीध्वज पेलणाऱ्यांची कसोटी वजनाची असते, तिच्याशी बरोबरी नाहीच. पण सावरायला मिळणारा वेळ माझ्या पोराला कमी होता. दुपारभर पडत राहिलेली ती काठी म्हणजे त्याचं वेंधळेपण नव्हतं.

आणि पडण्याचं म्हणाल, तर मुलांना त्याचं काही वाटत नाही. न्यूयॉर्कच्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांची मोकळ्या खेळातली पावलं मोजली. २०१२ साली आलेले त्यांचे आकडे असे: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला सतरा! आपण स्कूटर शिकताना दोनदा आपटलो असतो तर किल्ली परत देऊन आलो असतो.

त्या दिवशी मी काय केलं? सासूबाई आतून ओरडल्या, "डोळ्यात जाईल की रे काठी!" आणि मी पुढं होऊन काठीचं टोक धरलं. "बघ, अशी धरायची." काठी सरळ उभी राहिली. दोन मिनिटांनी तो घरात जाऊन टीव्हीसमोर बसला होता.

याचंही उत्तर संशोधनात सापडलं, आणि थोडं लागलंच. ज्युलिया लेनर्ड यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांना आधी एक कोडं दिलं. काहींच्या हातातून मोठ्या माणसानं ते मध्येच घेतलं आणि सोडवून दाखवलं. नंतर सगळ्यांना उघडतच नाही अशी लाकडी पेटी दिली. ज्यांचं कोडं मोठ्यांनी सोडवलं होतं, त्या मुलांनी पेटीचा नाद लवकर सोडला. २०२१ चं हे काम. मदत करणं वाईट असा याचा अर्थ नाही. सांगणं आणि हातातून घेणं यांत फरक आहे, एवढंच. आमच्या घरात तो फरक करायला दोन्ही हात पाठीमागं बांधावे लागतात.

रात्री झोपवताना भरपाई म्हणून मी म्हणाले, "माझा सोन्या किती हुशार!" हेही चुकलंच म्हणायचं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली दाखवलं होतं की 'हुशार आहेस' असं कौतुक झालेली पाचवीच्या वयाची मुलं पुढं अवघड कोडी टाळतात, अपयश आलं की लवकर हिरमुसतात. 'मेहनत घेतलीस' हे ऐकलेली मुलं जास्त टिकतात. या कल्पनेवर पुढं शाळाशाळांतून इतकं काही उभारलं गेलं की तिची तपासणी व्हायलाच हवी होती. ती झाली. अमेरिकेतल्या सुमारे १२,००० नववीच्या मुलांवर तिच्याच आधारानं छोटा अभ्यासक्रम घेतला गेला. २०१९ च्या निष्कर्षांत फायदा दिसला, पण थोडासा, आणि तोही मुख्यतः अभ्यासात मागं असलेल्यांना. तेव्हा एका 'हुशार'नं मूल बिघडत नाही. सासूबाई दिवसातून दहादा म्हणतात, म्हणू देत.

मला त्यापेक्षा मायकेल लुईस यांचं १९९२ चं काम जवळचं वाटतं. तीन वर्षांच्या मुलांना सोपी आणि अवघड अशी दोन्ही कामं दिली. अवघड काम जमलं तेव्हा मुलं ताठ झाली, मान वर, चेहरा फुललेला. सोपं जमलं तेव्हा तेवढं नाही. म्हणजे काय अवघड आहे हे तीन वर्षांच्या मुलालाही कळतं. सोप्यावर टाळ्या वाजवल्या तर ते आपल्याकडं जरा संशयानंच बघत असणार. हे छाती काढणं कुणी शिकवतही नसावं: २००४ च्या पॅरालिंपिकमध्ये जन्मांध ज्यूदोपटूंनीही जिंकल्यावर अगदी तसेच हात उंचावले, छाती पुढं काढली होती, कुणाला तसं करताना कधीच बघितलेलं नसताना.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर काठी पुन्हा निघाली. पडली. नजर आली. मी काही बोलले नाही, फक्त हसले, आणि खरं सांगते, ते हसू काढावं लागलं नाही. सकाळपासून ज्याला शर्टाचं बटण लावायचा कंटाळा येतो, तो पोरगा एकाच काठीशी अर्धा तास झुंजत होता. छाती माझीच जरा पुढं आली असेल.

लेनर्ड यांचंच २०१७ चं आणखी एक काम आहे: मोठी माणसं खटपट करून काही जमवताना पाहिली की सव्वा वर्षाची बाळंही पुढच्या खेळण्याशी जास्त वेळ झटतात. म्हणून मी पदर खोचला आणि म्हटलं, आण इकडं. तळहातावर काठी उभी केली. एक. पडली. परत. एक. पडली. समोरच्या ओट्यावर विड्या वळायला बसलेल्या बायका हात थांबवून बघायला लागल्या.

"आई, हाताकडं काय बघतीस? वर बघ की. रुमालाकडं."

बरोबर होतं त्याचं. कल तेवढाच असला तरी टोक सगळ्यात जास्त सरकतं, म्हणून तो तिथंच आधी दिसतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी रुमालाकडं बघितलं, आणि तो मोठ्यानं मोजायला लागला.

"एक, दोन, तीन, चार, पाच... पडली! परत धर."