काळ्या रेषांची निळी ताटली

गेल्या दिवाळीत एका हस्तकला प्रदर्शनात जयपूरची निळ्या नक्षीची ताटली घेतली. कागदात गुंडाळता गुंडाळता विक्रेता म्हणाला, "अस्सल चिनी माती आहे साहेब. आणि हा निळा रंग घरातली वाईट ऊर्जा शोषून घेतो." चिनी मातीचं साफ खोटं. शोषण्याचं मात्र अर्धं खरं: रंग शोषतो, पण नारिंगी-पिवळा प्रकाश. वाईट ऊर्जेचं मोजमाप कुणी अजून दिलेलं नाही.

आधी मातीचं बोलू. जयपूरच्या ब्लू पॉटरीत माती नावापुरतीच असते. मुख्य ऐवज गारगोटीची, म्हणजे क्वार्ट्झची पूड. त्यात काचेची पूड, थोडी मुलतानी माती, टाकणखार आणि डिंक घालून पाण्यात कणीक भिजवतात. कुंभाराच्या मातीचे कण सूक्ष्म पत्र्यांसारखे चपटे असतात, ओले झाले की एकमेकांवरून घसरतात, म्हणून ती चाकावर झरझर वर चढते. गारगोटीचे कण ओबडधोबड. ही कणीक चाकावर धरली तर फिसकटणार. म्हणून ती थालीपिठासारखी थापून साच्यात बसवतात, राख भरून दाबतात आणि वाळली की घासून तिच्यावर पांढरा थर देतात. विसाव्या शतकात मरगळलेल्या या कलेला चित्रकार कृपालसिंह शेखावतांनी पुन्हा उभं केलं. त्यांना १९७४ साली पद्मश्री मिळाली.

काही वर्षांपूर्वी जयपुरात एका कारागिराला ताटली रंगवताना पाहिलं. बारीक कुंचल्यानं तो वेलबुट्टी काढत होता, पण वाटीतला रंग होता काळपट करडा, ओल्या राखेसारखा. "निळा कुठाय?" मी विचारलं. त्यानं हनुवटीनंच भट्टीकडे खूण केली.

वाटीत होतं कोबाल्ट ऑक्साइड. ते काळंच असतं. मग निळा येतो कुठून? या भागावर माझा फार जीव आहे, तेव्हा थोडं सोसा.

बारावीच्या प्रयोगशाळेतलं कोबाल्ट क्लोराइडचं गुलाबी द्रावण आठवतंय? त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल ओतलं की ते निळं होतं. धातू तोच, बदलतात शेजारी. पाण्यात कोबाल्टच्या आयनाभोवती सहा ऑक्सिजन बसतात: वर-खाली, डावा-उजवा, पुढे-मागे. प्रत्येकाच्या बरोबर समोर दुसरा. अशा सममित घरात कोबाल्टच्या 'डी' कक्षकांतल्या, म्हणजे अणूतल्या ठरावीक जागांतल्या, इलेक्ट्रॉनांना प्रकाश गिळून वरच्या पातळीवर उडी मारायला क्वांटम यांत्रिकीचा एक नियम जवळपास मज्जावच करतो. चोरून-मारून होणाऱ्या उड्यांतून येतो तो फिका गुलाबी.

आम्ल ओतल्यावर सहा जणांच्या जागी चार क्लोराइड येतात. भट्टीत वितळलेल्या झिलईतही, म्हणजे भांड्यावरच्या काचेच्या थरातही, कोबाल्टला बहुतेक ठिकाणी चारच शेजारी मिळतात, फक्त ते ऑक्सिजन असतात. समोशाची चार टोकं डोळ्यांसमोर आणा, मधोमध कोबाल्ट. आता कुणाच्याच बरोबर समोर कुणी नाही. सममिती मोडली, की 'डी' कक्षकांत 'पी' कक्षकांची थोडी भेसळ होते आणि तो मज्जाव सैल पडतो. प्रकाश कितीतरी पटींनी जोरात शोषला जातो, तोही साधारण ५४०, ५९० आणि ६४० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरव्यापासून लालपर्यंतच्या पट्ट्यात. उरतो निळा. म्हणूनच झिलईत कोबाल्ट शेकडा एक भागाहून कमी असलं तरी रंग गडद येतो.

याच कामाची छोटी आवृत्ती रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी केलेली असते. प्लॅटिनमच्या तारेच्या वेढ्यात टाकणखार तापवायचा, त्याचा काचेसारखा मणी होतो. त्याला कोबाल्टच्या क्षाराचा कण लावून पुन्हा ज्योतीत धरला की मणी निळाशार. ताटलीतही टाकणखार आहेच. सोनार डाग देताना वापरतो तोच.

कोबाल्ट हे नावच भुताचं आहे. जर्मन खाणकामगारांना या खनिजातून हवा तो धातू मिळेना, उलट ते भाजताना विषारी वाफा निघत. त्यांनी दोष दिला 'कोबोल्ड' नावाच्या खाणीतल्या खोडकर भुताला. वाफा होत्या आर्सेनिकच्या. अठराव्या शतकात स्वीडनच्या गेओर्ग ब्रान्ट यांनी दाखवलं, की काचेला निळं करणारा हा एक वेगळाच धातू आहे. घरातल्या वाईट ऊर्जेवर उपाय म्हणून आज जे विकलं जातं, त्याचं नाव एका भुतावरून पडलंय, हे विक्रेत्याला सांगायचं राहून गेलं.

याच भांड्यांवर निळ्याच्या जोडीला दिसणारी मोरपिशी छटा तांब्याची. अल्कधर्मी झिलईत तांबं मोरपिशी दिसतं, शिसं घातलेल्या झिलईत हिरवं. शिशावरून आठवलं: कमी तापमानाला वितळणाऱ्या झिलईत अनेकदा ते असतं आणि आंबटात उतरू शकतं, म्हणून खात्री केल्याशिवाय अशा ताटलीत लोणचं वाढू नये.

भट्टी एकदाच लागते, साधारण ८०० ते ८५० अंश सेल्सिअसला. डिंक जळून जातो, काचेची पूड वितळून गारगोटीचे कण सांधते. थंड मात्र सावकाश करावं लागतं, कारण ५७३ अंशांना गारगोटीची स्फटिकरचना बदलते आणि ती एकदम किंचित आकसते. घाई केली तर तडा.

माझ्या ताटलीचा एक टवका परवा घासताना उडालाच. निळा थर नखाएवढाही जाड नाही, आणि आत खडीसाखर फोडावी तसा पांढरा, रवाळ भाग दिसतो.