सायकल कशाला टेकवायची?

सायकलींचे शहर म्हणून एकेकाळी ओळखल्या गेलेल्या पुण्यात आज सायकल लावायला जागा शोधावी लागते. डेक्कनवर पावसाळ्यात पदपथाच्या कठड्याला साखळीने बांधलेली, सीटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवलेली एखादी सायकल हमखास दिसते; चोरी आणि पाऊस या दोन्हींचा बंदोबस्त मालकानेच केलेला असतो. हे काम शहराने हाती घ्यायचे ठरवले, तर पर्याय बरेच आहेत, पण निवड सायकलीची रचना पाहून व्हायला हवी.

सर्रास आढळणारा आणि माझ्या मते सर्वांत वाईट पर्याय म्हणजे पुढचे चाक खाचेत अडकवण्याचा बुटका रॅक. चाकाच्या तारा ताणलेल्या असतात आणि स्वाराचे वजन चाकाच्या प्रतलातच पडत असल्याने ते वजन चाक सहज पेलते. बाजूने येणाऱ्या जोराची गोष्ट मात्र निराळी आहे. हबपासून, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापासून, रिमकडे, म्हणजे बाहेरच्या कड्याकडे, जाणारी तार चाकाच्या प्रतलाशी साधारण 6-7 अंशांचाच कोन करते, त्यामुळे आडव्या जोराला विरोध करण्यासाठी तिच्या ताणाचा फार थोडा भाग उपयोगी पडतो. खाचेतल्या सायकलीला शेजारच्या दुचाकीचा धक्का लागून ती कलली, की तिचे सगळे वजन तरफेसारखे त्या एका चाकावर येते. एका इमारतीच्या वाहनतळातून मी सायकल बाहेर काढली, तेव्हा प्रत्येक फेऱ्याला रिम ब्रेकच्या रबराला घासत होती आणि चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेईपर्यंत ती चालवणे अशक्य झाले होते. शिवाय अशा रॅकमध्ये कुलूप फक्त चाकालाच लागते. चाक सोडवून उरलेली सायकल उचलून नेता येते.

यावरचा उपाय अगदी साधा आहे. जाड लोखंडी नळी उलट्या 'यू'सारखी वाकवून, जस्ताचा लेप देऊन, काँक्रीटमध्ये पक्की रोवायची. इंग्लंडमधील शेफील्ड शहराच्या नावाने ओळखली जाणारी ही कमान सायकलीच्या सांगाड्याला दोन ठिकाणी आधार देते, आणि सांगाडा व चाक दोन्ही एकाच साखळीत गुंफता येतात. कमानीच्या दोन्ही बाजूंना एकेक सायकल लागते. दोन कमानींमध्ये सुमारे 1 मीटर अंतर ठेवले, तर एक मोटार उभी राहते तेवढ्या, म्हणजे साधारण 5 मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद जागेत 10 सायकली मावतात.

कमानी कुठे बसवायच्या, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. भाजी घ्यायला मंडईत आलेला माणूस दहा मिनिटांसाठी दूरच्या वाहनतळात जाणार नाही. तो दुकानासमोरच सायकल लावेल. म्हणून पेठांमध्ये एकच मोठा तळ बांधण्यापेक्षा पाच-पाच कमानी जागोजागी विखरून बसवणे मला अधिक योग्य वाटते, आणि त्याही पदपथ अडवून नव्हे, तर रस्त्याच्या कडेला, चौकाच्या अलीकडे. तिथे मोटार उभी असली, तर रस्ता ओलांडणारे मूल चालकाला दिसत नाही. सायकली मात्र बुटक्या आणि आरपार दिसणाऱ्या असल्याने नजर अडत नाही.

शिवाजीनगर किंवा स्वारगेटसारख्या ठिकाणी, जिथे सायकल दिवसभर ठेवून पुढचा प्रवास करायचा असतो, तिथे गरज वेगळी असते: छप्पर, उजेड आणि राखणदार. पूर्वी सायकल स्टँडवर मिळणारा पत्र्याचा बिल्ला याच गरजेतून आलेला होता. गर्दी वाढली की दुमजली रॅक लावता येतात, पण त्यांना साधारण पावणेतीन मीटर उंचीचे छत लागते, आणि वरच्या खणाला उचलायला मदत करणारी स्प्रिंग नसेल, तर आपली जुन्या घडणीची वजनदार सायकल ज्येष्ठांना वर चढवता येणार नाही. नेदरलँड्समधील उट्रेख्त स्थानकाखाली 2019 मध्ये पूर्ण झालेल्या तळात सुमारे 12,500 सायकली राहतात. तिथे पहिले 24 तास पैसे पडत नाहीत, त्यानंतर मात्र शुल्क लागते. आपल्याकडेही असा काही नियम पहिल्या दिवसापासून लागेल, कारण हवा गेलेल्या, धूळ खात पडलेल्या सायकलींनी जागा अडवली, तर रोज येणाऱ्याला पुन्हा पदपथाचा कठडाच शोधावा लागेल.