मध्ये कोण पडणार?

मागे आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने भाड्याने राहणाऱ्या पोरांच्या धर्मावरून काहीतरी घाण लिहिलं आणि एवढ्या लोकांत कोणी चकार शब्द काढेना. मी पण नाही. एक मीम शोधून ठेवलं होतं, म्हटलं आधी दुसरं कोणीतरी बोलू दे. शेवटी चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, "अहो, ती मुलं माझ्याकडे डब्याला आहेत, त्यांनी हे वाचलं तर काय वाटेल?" मग अंगठे धडाधड पडले, त्यात माझाही.

हे "दुसरं कोणीतरी बोलेल" डार्ली आणि लाटाने या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच मोजलंय. इंटरकॉमवर एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला, आपण एकटेच ऐकतोय असं वाटणारे ८५ टक्के लोक फिट संपायच्या आत उठले, आणखी चौघं ऐकतायत असं वाटणारे फक्त ३१ टक्के.

मग काकू कशा बोलल्या? इथे मार्क लेव्हिन या मानसशास्त्रज्ञाचा २००५ चा प्रयोग भारी आहे. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या फॅन्ससमोर एकजण पळता पळता मुद्दाम घसरून पडायचा, घोटा धरून कण्हायचा. अंगात युनायटेडची जर्सी असली की १३ पैकी १२ जण थांबले, कट्टर विरोधी लिव्हरपूलची असली की १० पैकी ३! पण दुसऱ्या फेरीत आधी "फुटबॉलप्रेमी" म्हणून प्रश्नावली भरून घेतली, तर लिव्हरपूलवाल्यालाही १० पैकी ७ जणांनी विचारलं. म्हणजे माणूस तोच, "आपला" कोणाला म्हणायचं ती रेघ फक्त सरकली. काकूंची डब्यामुळे सरकली होती.

स्वीडनमध्ये २०१६ ला मीना डेनर्ट या पत्रकार बाईंनी फेसबुकवर "मी इथे आहे" अशा अर्थाचा ग्रुप काढला. द्वेषाच्या कमेंट्सखाली मेंबर्स मिळून सभ्य उत्तरं लिहितात, एकमेकांना लाइक देऊन वर आणतात, म्हणजे एकटं पडायची भीती कमी. यातल्या बऱ्याच जणांचं म्हणणं असं की शिव्या देणारा सुधारेल म्हणून नाही, गप्प बसून वाचणाऱ्यांसाठी आम्ही लिहितो.

आणि लिहायचं काय? २०२१ च्या एका अभ्यासात वर्णद्वेषी ट्वीट करणाऱ्या १,३५० जणांवर तीन तऱ्हा करून बघितल्या. "असं वाचून त्या लोकांना लागतं" म्हटल्याने थोडा फरक पडला, थोडाच, पण पडला. "तुझ्या घरचे पण हे वाचतील" या इशाऱ्याने खास काही नाही, आणि विनोदी मीमने पण नाही. माझं मीम अजून फोनमध्येच आहे.