सुयांवरची पट्टी आणि क्रोशाची पट्टी: दिसायला सारखी, ताणायला उलटी

माझ्या मावशीने आयुष्यात किती स्वेटर विणले याचा हिशोब तिच्याकडेही नाही. मागच्या थंडीत तिच्या नातीला कान झाकणारा हेडबँड हवा होता, आणि तोही क्रोशाचाच, म्हणजे दोन सुयांवर नाही तर एकाच आकडीच्या सुईने विणलेला, कारण मैत्रिणीकडे तसा होता. मावशी म्हणाली, "त्यात काय, बॉर्डरच तर आहे." तिने नातीच्या डोक्याचा घेर मोजला, स्वेटरच्या बॉर्डरला ठेवतो तसे चार बोटं कमी केले, तेवढी साखळी, म्हणजे पायाची फासांची माळ, घातली, टोकं जोडली आणि गोल गोल विणत गेली. पट्टी झाली देखणी. पण नातीच्या डोक्यात काही केल्या जाईना, आणि जोर करून घातली तेव्हा कपाळावर वळ उठले. दुसरी तिने सैल केली, तर ती पाचव्या मिनिटाला नाकावर. मग माझ्याकडे फोन: "अगं, तुमच्या त्या क्रोशात काहीतरी खोट आहे."

खोट क्रोशात नाही, आणि मावशीच्या हातात तर नाहीच नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी ज्यांचा हात सुयांवर बसलेला असतो, त्या जवळजवळ सगळ्या नेमकी हीच चूक करतात, आणि मीही दर वेळी तेच सांगत बसते. म्हणून एकदाच लिहून काढते.

किरकोळ फरक आधी उरकू. सुयांवर सगळी ओळच्या ओळ जिवंत, म्हणजे उघड्या घरांची (फासांची) असते, एक टाका गळला की खालपर्यंत शिडी पडते. क्रोशात जिवंत घर एकच, बाकीचं सगळं मागे बंद होत जातं. त्यामुळे काम सुईवरून निसटलं तरी घाबरायचं कारण नाही. क्रोशा लोकर जास्त खातो. सुलट विणीच्या कडा वळतात, क्रोशाच्या फारशा नाहीत. सुयांचे आपले जुने नंबर जाडीच्या उलट चालतात, 12 नंबर बारीक आणि 8 नंबर जाड. क्रोशाची लोकरीसाठीची सुई सरळ मिलिमीटरवर मागायची.

नावांचा गोंधळ मात्र एका वाक्यात सांगून टाकते. अमेरिकेत ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात, त्याच टाक्याला ब्रिटिश 'डबल क्रोशे' म्हणतात. तेव्हा नमुन्यात कुठेही 'सिंगल क्रोशे' दिसलं की तो नमुना अमेरिकन समजावा, कारण ब्रिटिशांच्या यादीत ते नावच नाही. आपण त्याला मुका खांब म्हणतो: सुई टाक्यात घालून धागा ओढला, सुईवर दोन घरं झाली, पुन्हा धागा घेऊन दोन्हींतून एकदम काढला.

आणि एक गोष्ट, जी माझ्या डोक्यात जाते. दुकानदार यंत्रावरच्या जाळीदार पट्ट्या 'क्रोशेच्या' म्हणून विकतात. कारखान्यात 'क्रोशे मशीन' नावाचं यंत्र असतं हे खरं, लेस आणि इलॅस्टिकच्या पट्ट्या त्याच्यावरच निघतात. पण त्या यंत्राची वीण क्रोशाची नसते, उभ्या धाग्यांच्या फासांची असते. खरा क्रोशा हातानेच होतो. म्हणूनच आंध्रातल्या नर्सापूरच्या भागात दीडशे वर्षांहून जास्त काळ बायका घरोघर बसून क्रोशाची लेस करत आल्या आहेत. शंभर रुपयांत खरा क्रोशाचा हेडबँड मिळत असेल, तर करणारीच्या हातात काय पडलं असेल ते तुम्हीच बघा.

आता मुद्दा.

स्वेटरची बॉर्डर तुम्हाला नव्याने सांगायला नको. एक सुलट, एक उलट. सुलट टाक्यावर सुलट, उलटावर उलट चढत जातो आणि उभ्या रेघा तयार होतात. सुलटाची रेघ पुढे, उलटाची मागे, म्हणून पट्टी आपोआप आक्रसते आणि ओढली की पसरते. पसरते कुठे? आडवी, म्हणजे ओळ ज्या दिशेने जाते त्याच दिशेने. त्यातून सुयांवरच्या ओळीत धागा नागमोडी जातो, आणि ओढलं की तो नागमोड थोडा सरळ होतो. म्हणून बॉर्डर कमरेभोवती विणायची तर टाके कमरेच्या घेराएवढे घालायचे. हे हातात इतकं मुरलेलं असतं की त्यात काही निवड आहे हेच विसरायला होतं.

क्रोशाचा टाका तसा नाही. प्रत्येक टाका स्वतःला वेढा घालून बंद होतो आणि शेजारच्याला चिकटून बसतो. ओळीच्या दिशेने ओढलं तर सरळ व्हायला त्यात नागमोडच उरलेली नसते. त्यात खाली पायाची साखळी, ती बहुतेकांच्या हातून विणीपेक्षा घट्टच पडते. मावशीच्या पट्टीच्या एका कडेला तिने असा न ताणणारा कमरपट्टाच घातला होता.

मग क्रोशात ताण येतो कुठून? मुक्या खांबांची एक ओळ झाल्यावर वरून बघा. प्रत्येक टाक्याच्या डोक्यावर आडव्या 'व्ही'सारखे दोन धागे दिसतील, एक तुमच्याकडचा, एक पलीकडचा. एरवी आपण दोन्हींखालून सुई घालतो, त्याने घट्ट, सपाट वीण होते. आता फक्त पलीकडच्या धाग्याखालून घाला. अलीकडचा धागा मोकळा राहतो आणि त्याचा एक वळ उमटतो. काम उलटून परत येताना पुन्हा तेच केलं की पुढचा वळ दुसऱ्या बाजूला. एक वळ इकडे, एक तिकडे, असं करत वीण पेटीच्या भात्यासारखी घड्या घेते. भाता घड्यांच्या दिशेने उघडत नाही, घड्यांना आडवा उघडतो. ही वीणही तशीच: ओळींच्या दिशेने ढिम्म, ओळींना आडवी ओढली की मस्त पसरते. माझ्या शिकवायच्या तुकड्यावर पट्टी ठेवून बघितलं, तर 10 सेंटिमीटर ओळींना आडवे ओढून सहज 14 होतात. ओळीच्या दिशेने 11 ला येऊन थांबतात.

आता दोन पट्ट्या डोक्यावर घातलेल्या डोळ्यांसमोर आणा. सुयांवरच्या पट्टीत उभ्या रेघा. नीट केलेल्या क्रोशाच्या पट्टीतही उभ्या रेघा. लांबून बघणाऱ्याला एकच. सगळा घोटाळा या सारखेपणातून होतो. सुयांवरच्या रेघा टाक्यावर टाका चढून झालेल्या असतात, ओळी त्यांच्या आडव्या. क्रोशाच्या रेघा म्हणजे खुद्द ओळीच असतात. तेव्हा क्रोशाचा हेडबँड डोक्याच्या घेराएवढ्या साखळीने सुरू करायचाच नाही. रुंदीएवढी साखळी घालायची, छोट्या छोट्या ओळी विणायच्या, आणि पट्टी एका कानापासून निघून डोक्याला प्रदक्षिणा घालून परत त्याच कानापाशी येईपर्यंत वाढवायची.

सुयांवाल्यांना हे लगेच पटावं म्हणून मी नेहमी मफलरची आठवण देते. सगळ्या ओळी सुलट विणलेला मफलर खुंटीवर टांगून ठेवला की थोड्या दिवसांत लांब होतो, हे प्रत्येकीने पाहिलेलं असतं. त्यात आडव्या वळांच्या घड्या असतात आणि त्या उभ्या उघडतात. क्रोशाची ही वीण त्या मफलरची सख्खी बहीण आहे. बॉर्डरशी तिचं फक्त तोंड जुळतं. मावशीला फोनवर एवढंच सांगितलं, तर ती दोन सेकंद गप्प, आणि मग म्हणाली, "म्हणजे मी मफलर आडवा धरून बसले होते." अगदी तसंच.

इथे दोन पळवाटा हमखास सुचवल्या जातात, आणि दोन्ही मला मान्य नाहीत. पहिली: "जाड सुई घे, ताण येईल." नाही येत. जाड सुईने वीण सैल होते. सैल असणं आणि ताणणं यात फरक आहे. ताणणारी पट्टी ओढून सोडली की परत जागेवर येते, सैल पट्टी गेली तिकडेच राहते, आणि पुढच्या वेळी डोळ्यांवर येते. पायाच्या साखळीपुरती एक नंबर जाड सुई घेणं वेगळं, ते जरूर करा. दुसरी पळवाट म्हणजे मागच्या बाजूला इलॅस्टिकचा तुकडा शिवणं. इतकी हाताने विणलेली पट्टी आणि मानेमागे परकराच्या नाडीसारखी चुणी! बाजारच्या मालाला ठीक आहे.

आडवी लांब विणलेली पट्टी अगदीच निकामी नाही. मागे बटण किंवा बंद लावायचे असतील तर ताणाची गरजच नसते, मग करा तशी. आणि खांबाच्या, म्हणजे मुक्या खांबाहून उंच टाक्याच्या, डोक्यात न विणता त्याच्या दांड्याला पुढून-मागून वेढा घेत विणलं तर सुयांसारख्या चढत्या रेघा क्रोशातही येतात. टोपीच्या काठाला ते शोभतं. हेडबँडला मात्र जाड होतं, लोकर भरपूर जाते आणि ताण भात्यापेक्षा कमीच. मी करत नाही.

मध्यम जाडीची लोकर आणि 5 मिलिमीटरची सुई घेतली तर माझ्या हाताने साखळी 15, पहिली सोडून 14 मुके खांब, रुंदी साधारण 10 सेंटिमीटर. तुमचा हात वेगळा असेल. पुढच्या प्रत्येक ओळीला 1 साखळी, काम उलटायचं, पलीकडच्या धाग्यातून 13, आणि शेवटचा टाका मात्र दोन्ही धाग्यांखालून, म्हणजे कड नीट राहते. हा शेवटचा टाकाच नवशिक्यांच्या नजरेतून सुटतो, कारण तो कडेला वळून लपलेला असतो. दहा ओळींनंतर 14 चे 11 झाले असतील आणि पट्टीची पतंगाची शेपटी झाली असेल, तर कारण तेच. ओळ संपली की मोजा.

घेर मोजताना टेप कपाळावरून, कानांवरून, मानेमागे. मोठ्या माणसाचं डोकं बहुधा 54 ते 58 सेंटिमीटरमध्ये बसतं. त्यातून 5 वजा करा. 56 चं डोकं असेल तर पट्टी 51 ची, आणि तीही टेबलावर न ओढता ठेवून मोजलेली. किती ओळी, असं मला विचारू नका. पट्टी मोजा.

लोकरीबद्दल थोडं. दुकानात 'लोकर' म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते. हेडबँडला ती चालते. सुती धागा दिसायला छान, पण तो ताणला की परत येण्याची घाई करत नाही, म्हणून सुती पट्टी डोक्याच्या घेरापेक्षा 5 ऐवजी सात-आठ सेंटिमीटर आखूड ठेवते मी. आणि कुठल्याही परिस्थितीत ॲक्रिलिकवर गरम इस्त्री फिरवू नका. धागा कायमचा लुळा पडतो, भात्याच्या घड्या मिटतात त्या पुन्हा उघडमीट करत नाहीत. शेजारच्या एका मुलीने "सपाट दिसावा म्हणून" तेवढंच केलं होतं. हातात आला तेव्हा तो हेडबँड ओल्या पापडासारखा लोंबत होता.

जोडताना शेवटची ओळ आणि सुरुवातीची साखळी समोरासमोर धरून, इथेही पलीकडचेच धागे उचलून सुईदोऱ्याने सैलसर शिवा, म्हणजे शिवण वळांमध्ये एक वळ होऊन बसते. पुढे पीळ हवा असेल तर शिवण्याआधी दोन्ही टोकं अर्धी अर्धी दुमडून एकमेकांत अडकवा आणि चारही पदर एकत्र शिवा. पीळ कपाळावर येतो, शिवण आत जाते. पीळ नको असेल तर शिवण मानेमागे. वर फूल लावायची पद्धत आहे, मला ती आवडत नाही. मावशीने तिसऱ्या पट्टीवर दोन लावली.